मोठ्याईची भांडी : एका घरच्या साठ्याचं प्रकरण

अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठानं पसरलेल्या तिवसा तालुक्यातल्या एका गावातलं हे प्रकरण आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं घरच्यांच्या इच्छेप्रमाणे देत नाही. सारं गाव जिला मोठ्याई म्हणायचं, ती बाई गेली आणि तिच्या घरात पितळ, तांबं आणि काशाच्या भांड्यांचा मोठा साठा मागे राहिला. कायद्यानं तो तिच्या लेकरांचा. पण जवळजवळ पन्नास वर्षं गावातली लग्नं, बारशी, तेरव्या, भंडारे याच भांड्यांवर पार पडले होते. त्यातल्या कित्येक भांड्यांवर तर दुसऱ्याच घरांची नावं कोरलेली होती. साठा वाटायचा, मोडीत काढायचा, कुठे ठेवायला द्यायचा की गावातच राहू द्यायचा, यावर घरात आणि गावात बरीच ओढाताण झाली. मी त्या भागात बचत गटांची सहयोगिनी म्हणून काम करते. भांड्यांची यादी करायला मला बोलावलं आणि पुढे निर्णयाच्या बैठकांनाही बसवलं. असे साठे विदर्भातल्या अनेक जुन्या घरांत आज माळ्यावर पडून आहेत आणि ते सांभाळणाऱ्या बाया थकल्या आहेत. त्या घरांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

साठा कसा झाला

मोठ्याई साठच्या दशकात लग्न होऊन या घरात आली. सासूच्या वेळचे पितळी गुंड (पाण्याची मोठी भांडी), एक बंब, काशाची थोडी ताटं आणि एक भलीमोठी डेग घरात होती. तिच्या आंदणात परात, गंज (मोठी पातेली), गडवे (तांबे) आणि समई आली. घर कपाशी-तुरीवर चालणारं, मध्यम. श्रीमंती म्हणावी अशी कधीच नव्हती. म्हणजे हा साठा पैशाच्या जोरावर उभा राहिलेला नाही.

काही भांडी तिनं घेतली. कौंडण्यपूरच्या कार्तिकातल्या यात्रेला ती बहुतेक दरवर्षी जायची, आणि दुसऱ्या बाया बांगड्या-पाटल्या बघत असताना ही भांड्यांच्या दुकानावर बसलेली असायची. भंडाऱ्याचं पितळ तिच्या विशेष विश्वासाचं. त्या शहराला पितळनगरी म्हणतात ते तिथल्या भांडी घडवणाऱ्या कारागिरांमुळे. भांडं हातात घेतलं की ती आधी बोटाच्या पेरानं काठावर टिचकी मारायची आणि कान लावायची. चांगलं कासं बराच वेळ गुणगुणत राहतं. तडा असेल तर आवाज लगेच बसतो. काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं. त्या कथिलामुळेच त्याला नाद येतो आणि त्याच्यामुळेच ते ठिसूळ होतं. हातातून निसटलं की तडकतं, आणि तडकलेलं कासं वितळवूनच नवं करावं लागतं.

साठ्याचा खरा मोठा भाग मात्र आला तो बहात्तरच्या दुष्काळात. त्या साली गावातल्या बाया भांडी गाठोड्यात बांधून तालुक्याला मोडायला न्यायच्या. कर्जदाराची स्वयंपाकाची आवश्यक भांडी जप्त करता येत नाहीत, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये १९०८ पासून लिहिलेलं आहे. पण घरातली ज्वारी संपली की बाई स्वतःच भांडं उचलून नेते आणि तिथं कुठलंही कलम आड येत नाही. मोठ्याईच्या घरी पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा होता, त्यात मागच्या सालची ज्वारी शिल्लक होती. तिनं बायांना रस्त्यात अडवलं. भांड्याच्या बदल्यात पायलीनं ज्वारी मोजून दिली आणि सांगितलं, "हे इकलं असं समजू नोको वो बाई. इथं ठेवलं असं समज. साल बरं आलं का घेऊन जाय." तिच्या जावेनं मला हे सांगितलं, आणि पेवातली ज्वारी अशी वाटल्याबद्दल सासऱ्यानं दोन दिवस मोठ्याईशी बोलणं टाकलं होतं, हेही सांगितलं.

पुढची सालं बरी आल्यावर काही बायांनी भांडी नेली. काहींनी नेलीच नाहीत. कोणाला ज्वारी परत करायची लाज वाटली, कोणी गाव सोडून पुलगावला, अमरावतीला कामाला गेलं, कोणी वारलं. ती भांडी मोठ्याईच्याच मांडणीवर राहिली, नावांसकट.

आणखी एक वाट होती. जेवायचं ताट मोडा पण पोरांना शिकवा, हा गाडगेबाबांचा उपदेश या जिल्ह्यात नुसता ऐकला गेला नाही, पाळला गेला. बाबांचा जन्म १८७६ चा, याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा. पोराच्या फीसाठी, वसतिगृहाच्या पैशासाठी ताट मोडायची वेळ आली की आई ते ताट आधी मोठ्याईकडे आणायची. मोडीवाला देईल तेवढे पैसे मोठ्याई द्यायची. ताट राहायचं.

देण्याची रीत

सुरुवातीला शेजारपाजारी मागायचे, मग आळीत, मग गावभर. भाडं कधी घेतलं नाही. नियम मात्र होते आणि ते कडक होते. भांडी न्यायला घरातली बाईच आली पाहिजे, कारण मोजून नेणारी आणि मोजून आणणारी तीच. भांडं घासून आलं पाहिजे. रिकामं परत यायचं नाही. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, बुंदीचे चार दाणे, काहीही चालेल. हरवलं तर पैसे नकोत, तसंच भांडं आणून द्यायचं. पितळी भांड्यात कढी, चिंचेचं सार किंवा अंबाडीची भाजी करायची असेल तर आधी कल्हई, म्हणजे आतला कथिलाचा मुलामा, बघायची. कल्हई गेलेली असेल तर ते भांडं ती द्यायचीच नाही. आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो आणि खाणाऱ्याच्या पोटात जातो. पाचशे माणसांच्या पंगतीत असं काही झालं तर नाव भांड्याचं निघतं, आणि ते तिला सोसलं नसतं.

मोठ्याईला लिहिता येत नव्हतं. सुरुवातीची नोंद सपरीच्या (पडवीच्या) भिंतीवर होती: गेरूच्या उभ्या रेघा म्हणजे ताटं, टिंबं म्हणजे वाट्या, गोल म्हणजे गुंड. भांडी परत आली की ओल्या फडक्यानं रेघ पुसायची. पोरं शाळेत जायला लागल्यावर वही सुरू झाली. नातवंडांनी चालवलेल्या अशा वह्यांचा एक गठ्ठा आम्हाला पितळी डब्यात मिळाला. कोणाकडे काय कार्य होतं, किती ताटं गेली, किती आली, बदल्यात काय आलं, सगळं त्यात आहे. 'तेरवी, ताटं ४०, आली ४०, तांदूळ.' या वह्या म्हणजे गावाच्या जन्म-मरणाची नोंद आहे. यादी करताना भांड्यांच्या आधी मी वह्यांचे फोटो काढून घेतले, कारण कागदाला वाळवी लागते, पितळेला नाही.

आता जी गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे ती सांगते. ती मला मोठ्याईच्या घरी कळली नाही, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या बायांनी सांगितली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा या गावातूनही माणसं गेली होती. त्यानंतर वस्तीनं गावकीची जुनी कामं सोडली. गावानंही मग वस्तीशी अंतर धरलं. मोठ्याई सून म्हणून आली तेव्हा वस्तीतल्या माणसाला गावातल्या लग्नात जेवण मिळायचं ते वेगळ्या रांगेत, पळसाच्या पत्रावळीवर. घरची ताटं त्या रांगेत जात नव्हती.

वस्तीतली एक बाई लेकीच्या लग्नासाठी ताटं मागायला आली. मागावं की नाही याची ती तीन दिवस घालमेल करत होती, असं तिच्या सुनेनं सांगितलं. मोठ्याईनं ताटं मोजून दिली, दुसऱ्या कोणाला देते तशीच. ती परत आली, तशीच मांडणीवर लागली, आणि पुढच्या आठवड्यात तीच ताटं गावातल्या एका मोठ्या घरच्या साक्षगंधाला (साखरपुड्याला) मागायला माणूस आला. वस्तीत गेलेली ताटं वेगळी ठेवा, आम्हाला दुसरी द्या, असा निरोप होता. मोठ्याईनं सांगितलं, ताटं वेगळी नाहीत. पायजे असन तर न्या, नाही तर आपली आपली पाहा. दोन-तीन घरांनी बरीच वर्षं तिच्याकडून काही नेलं नाही. नंतर त्यांच्याही घरी लग्नं निघाली आणि तीही आली. वहीत त्यांची नावं आहेत.

वस्तीतली म्हातारी बाई मला म्हणाली, "आमाले ताट भेटलं याचं नाय वो. मागाले गेल्यावर उंबऱ्याबायेर उभं रायलो नाय, मांडणीपाशी बसून मोजले, याचं हाय."

पेच कसा पडला

स्टील आलं तेव्हा साठ्याला फारसा धक्का लागला नाही. धक्का दिला तो बिछायत केंद्रानं. मांडव, खुर्च्या, गाद्या, डेगा आणि ताटं सगळं एकाच ठिकाणी भाड्यानं मिळू लागलं. मग बुफे आला, थर्माकोलच्या पत्रावळी आल्या. भांडी घासायला बाया मिळेनात. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली तेव्हा थोडी मागणी परत वाढली, पण तोवर मोठ्याईचे हात थकले होते. शेवटची काही वर्षं फक्त तेरव्यांना आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमांना भांडी जायची.

ती गेली तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. मागे थोरला मुलगा गावात शेती करतो, धाकटा पुण्याला नोकरीला, एक लेक नागपूरला, दुसरी लेक आधीच वारलेली आणि तिचा मुलगा वर्ध्याला. नवरा पूर्वीच गेलेला. धाकट्यानं पुण्याच्या वकिलाकडून माहिती घेतली ती बरोबर होती: हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १४ नुसार बाईला आंदणात, भेटीत किंवा खरेदीनं मिळालेली जंगम वस्तूही तिच्या पूर्ण मालकीची, आणि कलम १५ नुसार मृत्युपत्र नसेल तर ती मुलगे, मुली आणि नवरा यांना सारखी, वारलेल्या मुलीचा वाटा तिच्या लेकराला. म्हणजे चार वाटे. थोरल्याला वाटत होतं की भांडी घरची, आणि घर तो सांभाळतो.

तेवढ्यात दोन ग्राहक आले. एक तालुक्याचा मोडीवाला. वजनावर भाव सांगून त्यानं टेम्पो आणायची तयारी दाखवली. दुसरा शहरातून आलेला, जुन्या वस्तू विकणारा. त्यानं मोड बघितलीच नाही. पानदान, अडकित्ते, नक्षीची समई आणि सासूच्या वेळचा बंब बाजूला काढून ठेवला. शंभर वर्षांपूर्वीची आणि त्या काळचे रीतिरिवाज किंवा कारागिरी दाखवणारी वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. परवाना दाखवा म्हटल्यावर हा गृहस्थ परत आला नाही. अशा घरांमध्ये सगळ्यात आधी हात पडतो तो अशा वस्तूंवर, आणि एकदा गेल्या की कुठे गेल्या हे कळत नाही.

नावं वाचणं

यादी करताना सर्वात जास्त वेळ गेला तो भांड्यांवरची नावं वाचायला. कोरीव अक्षरं दोन तऱ्हेची आहेत. जुनी टोच्यानं टिंब-टिंब करून काढलेली, नंतरची यंत्रानं ओढलेली. चिंच आणि राख लावून वर्षानुवर्षं घासल्यामुळे टिंबं झिजली आहेत. समोरून उजेड टाकला की काहीच दिसत नाही. संध्याकाळी खोलीत अंधार केला, मोबाईलचा दिवा भांड्याच्या काठाजवळ आडवा धरला, की प्रत्येक टिंबाची बारीक सावली पडते आणि अक्षर उभं राहतं. नागपूरची लेक दिवा धरायची, मी वाचायची, थोरल्याची सून लिहायची. एका गंजावर आधीचं नाव टोच्यानंच खोडून दुसरं घातलेलं होतं. एका गडव्याच्या बुडाखाली फक्त 'माहेर' एवढंच होतं. कोणाचं, ते कोरणाऱ्यालाही विचारावंसं वाटलं नसेल.

ज्यांना असा साठा तपासायचा आहे त्यांनी एक करावं: यादी होईपर्यंत कोणालाही भांडी चकचकीत घासू देऊ नये. कौतुकानं सुना घासायला घेतात आणि चिंचेबरोबर पुरावा निघून जातो.

यादीतून तीन गट स्पष्ट झाले. मोठ्याईच्या आंदणाची आणि सासूची भांडी. यात्रेतून किंवा बाजारातून तिनं पंगतीसाठी घेतलेली. शंभरावर ताटं, वाट्या, पराती, डेगा. आणि दुसऱ्या घरांच्या नावाची, म्हणजे दुष्काळात आलेली आणि फीसाठी आलेली. तिसऱ्या गटाचं काय करायचं हाच खरा पेच होता. मोठ्याईनं मोबदला दिला होता, म्हणून ती खरेदी म्हणता येते. पण 'ठेवलं असं समज' हे तिचे शब्द अजून लोकांच्या तोंडी होते, त्यामुळे ठेवही म्हणता येते. कागद कुठलाच नव्हता. वकिलाच्या मते वारस सांगतील तसं. पण वारसांपैकी कोणालाही आईच्या शब्दाविरुद्ध जायचं नव्हतं, आणि हे त्यांच्या मोठेपणाचं आहे, कारण वजनात हाच गट जड होता.

काय काय सुचवलं गेलं

पहिली सूचना संग्रहालयाची. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे. वर्ध्याचं मगन संग्रहालय तर ग्रामोद्योगांसाठीच आहे. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये ते सुरू झालं. घरगुती वस्तूंना तिथे मान आहे. पण संग्रहालयाला एकेक वेगळी वस्तू आणि तिची हकीकत हवी असते. एकाच घडणीची शंभर ताटं कोणी काचेमागे लावत नाही. ती लावली तरी जेवणार कोण?

दुसरी सूचना ग्रामपंचायतीची. साठा नोंदवहीत चढेल, सरकारी शिक्का बसेल, हे खरं. पण दर पाच वर्षांनी बॉडी बदलते, किल्ली चपराशाकडे राहते, आणि पंचायतीतली वस्तू मागायला बाई एकटी जात नाही.

तिसरी सूचना मंदिराची आणि सेवा मंडळाची. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम मोझरीला, याच तालुक्यात. या भागात गावागावात मंडळाच्या शाखा आहेत आणि सामुदायिक प्रार्थना होते. मंडळाच्या लोकांची मोठ्याईशी जुनी जवळीक, जागाही तयार होती. बैठकीत बहुतेकांचा कल इकडेच होता. तेव्हा वस्तीतली एक तरुण बाई उठली. ती म्हणाली, देवळाच्या खोलीत ताटं ठेवली तर आमच्या सासवा मागायला येतील का, याचा इचार करा. बराच वेळ कोणी बोललं नाही. मंडळाच्याच एका वयस्क दादांनी मग सांगितलं की हे बरोबर आहे, आमची मागणी मागे घेतो. माझ्या मते त्या दिवशीचं हे बोलणं नसतं तर साठा चांगल्या हेतूनंच हातचा गेला असता. तांब्या-पितळेची किंमत कोणीही करून देतो. या साठ्यात जपण्यासारखं जे होतं ते असं, की गावातली कोणतीही बाई जाऊन मांडणीपाशी बसू शकत होती आणि मोजून नेऊ शकत होती. जागा निवडताना हीच एक कसोटी लावायला हवी होती, आणि ती लावली वस्तीतल्या पोरीनं.

शेवटी ग्रामसंघाचं नाव निघालं. गावातल्या सगळ्या बचत गटांचा तो संघ. त्यात माळी, कुणबी, तेली, बौद्ध, गोवारी अशा सगळ्या घरांतल्या बाया आहेत, बँकेत खातं आहे, आणि इतिवृत्त लिहायची, हिशेब वाचून दाखवायची सवय आहे. थोरल्यानं सुरुवातीला विरोध केला. बायांच्या भांडणात आईची भांडी फुटतील, असं त्याला वाटत होतं. त्याची सून स्वतः एका गटाची सचिव. तिनं त्याला वह्या दाखवल्या, आणि बायांनी पन्नास वर्षांत किती ताटं हरवली ते मोजायला सांगितलं. त्यानं रात्री बसून मोजलं. हरवलेल्या प्रत्येक ताटाच्या पुढे दुसरं आणून दिल्याची नोंद होती.

काय ठरलं

आंदणाची आणि सासूची भांडी चौघांनी वाटून घेतली. पैशाचा हिशेब केला नाही. ज्याला ज्याची आठवण त्यानं ते घेतलं. वारलेल्या लेकीच्या मुलानं समई घेतली. बंब थोरल्याकडेच राहिला, कारण तो अजून रोज पेटतो.

नावांची भांडी ओसरीत मांडली आणि दवंडी दिली. ज्याला आपल्या घरचं भांडं ओळखू येईल आणि घरी न्यायचं असेल त्यानं न्यावं, पैसे नाहीत, ज्वारी नाही. थोडीच गेली. बऱ्याच जणांनी आजीचं नाव वाचलं, हात लावला, फोटो काढला आणि भांडं जागच्या जागी ठेवलं. एक निवृत्त शिक्षक मात्र आपल्या आईचं काशाचं ताट घेऊन गेले. त्यांच्या फीसाठी आलेलं ते ताट होतं. काहींना वाटलं की त्यांनी ते ग्रामसंघालाच द्यायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. मोठ्याईनं ते ज्याच्यासाठी ठेवलं होतं त्याच्याकडे गेलं.

पंगतीची भांडी आणि नावांची उरलेली भांडी ग्रामसंघाला दिली. जंगम वस्तूचं दान ताबा दिल्यानं पूर्ण होतं, नोंदणी करावीच लागते असं नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ मध्ये तशी सोय आहे. तरीही चारही वारसांच्या सह्यांचं दानपत्र केलं, फोटोंची यादी जोडली आणि ताबा घेणाऱ्या म्हणून तीन वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या तीन बायांची नावं लिहिली. दोन अटी घातल्या: विकायचं नाही, आणि मागणाऱ्यात फरक करायचा नाही. जागा म्हणून थोरल्यानं सपरीची एक खोली दिली, रस्त्याकडून वेगळं दार काढून. म्हणजे घरातून जायची गरज नाही, आणि दार बंद असलं तरी हाक मारली की सून येते.

चालवताना आलेल्या अडचणी

सगळ्यात मोठी अडचण कल्हईची. पूर्वी कल्हईवाला दिवाळीआधी गावात यायचा, भाता लावायचा. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथिलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्यानं झरझर फिरवायचा की पिवळं पितळ आतून चांदीसारखं होऊन जायचं. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे हात चलाख नसेल तर ते एका ठिकाणी गोळा होतं. आता असा माणूस आणायचा तर शहरातून, आणि कथील महाग. मोठ्याई हा खर्च घरातून करायची. ग्रामसंघ करू शकत नाही. भाडं घ्यायचं का, यावर दोन बैठका झाल्या. भाडं नाही, पण कार्य करणाऱ्या घरानं कल्हईच्या डब्यात यथाशक्ती टाकावं आणि किती टाकलं ते वहीत लिहू नये, असं ठरलं. न लिहिण्याची सूचना एका शेतमजूर बाईची होती. लिहिलं तर ज्याच्याकडे कमी आहे तो मागायला येणार नाही, हे तिनं सांगितलं आणि कोणी वाद घातला नाही. पहिल्या वर्षी डब्यातल्या पैशात पराती आणि दोन गंजांची कल्हई झाली. डेगांची राहिली. म्हणून डेगांत सध्या फक्त भात शिजवू देतात, कढी नाही.

दुसरी अडचण घासण्याची. नियम होता घासून आणण्याचा. आता पंगतीनंतर घासायला माणूस नसतो. त्यावर तोडगा असा, की घासणाऱ्या दोन बायांना कार्याच्या घरानं मजुरी द्यायची आणि ती आधीच सांगायची. राखेऐवजी तारेचा चोथा वापरणं बंद केलं, त्यानं ताटावर ओरखडे पडत होते आणि नावं जात होती.

काशाची तीन ताटं पहिल्याच उन्हाळ्यात तडकली. त्यावर काशाची ताटं द्यायचीच नाहीत असं काहींचं म्हणणं पडलं. ते मान्य झालं नाही. आता ती नवरा-नवरीकडच्या पहिल्या पंगतीला आणि तेरवीला, मोजकी, मोठ्या बाईच्या हाती देतात. तडकलेली तीन वेगळी ठेवली आहेत. भंडाऱ्याला पाठवून नवी करून घ्यायची की नावांसाठी तशीच जपायची, हे ठरायचं आहे, कारण त्यातलं एक नावाचं आहे.

आणि एक गुंड अजून वादात आहे. एकाच घराण्याच्या दोन शाखा त्यावर हक्क सांगतात; कोरलेलं नाव दोघांच्या पणजीचं. दोघांनाही घरी न्यायचा आहे. ग्रामसंघानं तो कोणालाच दिलेला नाही आणि वापरातूनही काढलेला नाही. दोन्ही घरांच्या कार्यात तोच पाण्याला जातो. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो पहिला आहे, कल्हईचा दुसरा.